संगणकाचा कारभार आणि टिकाऊ विद्या

दरवर्षीं शालान्त परीक्षेचा निकाल लागला, कीं मोडनिंब व आसपासच्या गांवचे पालक एक प्रश्न हटकून विचारूं लागतात : "मुलास संगणकाचा कोणता क्लास लावावा?" प्रश्न सरळ आहे, परंतु त्याचें उत्तर दरवर्षीं बदलतें. गेल्या वर्षीं ज्या विद्यांच्या पाट्या जागोजाग झळकत होत्या, त्या यंदां उतरल्या आहेत व त्यांच्या जागीं दुसरीं नांवें आलीं आहेत. फी मात्र कोठेंच उतरत नाहीं. डाळिंबाची पट्टी हातीं येतांच किंवा उसाचें बिल जमा होतांच त्यांतील मोठा वांटा अशा क्लासांकडे जातो, आणि दोन वर्षांनीं मुलगा म्हणतो, "मी शिकलों तें आतां जुनें झालें." हें ऐकून बापास काय वाटत असेल, तें निराळें सांगावयास नको.

प्रस्तुत लेखक या शाळेचा जुना विद्यार्थी असून त्याचीं बरींच वर्षें पुण्यांत संगणकांचा सांभाळ करण्यांत गेलीं. त्या अनुभवावरून बनलेलें मत येथें मांडावयाचें आहे. मुलांनीं प्रथम जें शिकावें तें टिकणारें असावें. मग तें नवें असो वा जुनें. आणि संगणकाच्या कारभारापुरतें पाहिलें, तर अशा टिकणाऱ्या विद्येंत 'शेल' व 'पर्ल' या दोन साध्या, जुन्या आज्ञाभाषांचें स्थान फार वरचें आहे. हें मत कित्येकांस विपरीत वाटेल, म्हणून त्याचीं कारणें क्रमानें देतों.

प्रथम कारभार म्हणजे काय, हें पाहूं. आपण सातबाराचा उतारा काढतों, आगगाडीचें आरक्षण करतों, बँकेंतून पैसे काढतों. या प्रत्येक कामामागें कोठेंतरी मोठे संगणक रात्रंदिवस चालू असतात व त्यांची निगा राखणारीं माणसें असतात. कोणास आंत येऊं द्यावें, कोणास कोणतें दप्तर दाखवावें, जागा किती उरली, काल रात्रीं नक्कल झाली कीं नाहीं, कोणत्या घटकेस काय बिघडलें, हें सर्व पाहणें त्यांचें काम. पूर्वीं गांवचा कुळकर्णी दप्तर राखीत असे, तसाच हा संगणकाचा दप्तरदार होय. लोकांस तो दिसत नाहीं. काम बिघडलें म्हणजे मात्र त्याची आठवण होते.

या दप्तरदाराचीं कामें बहुधा लहान असतात, पण तीं रोज व पुन्हां पुन्हां करावीं लागतात. समजा, शाळेंत सहाशें मुलांचीं छायाचित्रें काढलीं आणि कॅमेऱ्यानें त्यांस एक, दोन, तीन असे आंकडे दिले. आतां प्रत्येक चित्रास मुलाची तुकडी व हजेरी-क्रमांक यांवरून नांव द्यावयाचें आहे. हातानें करूं गेल्यास एका कारकुनाचे दोन दिवस जातील व शेवटल्या तासांत चुकाहि होतील. तेंच काम "ही यादी वाच, पहिल्या रकान्यांतील आंकड्याचें चित्र शोध, त्यास दुसऱ्या रकान्यांतील नांव दे, यादी संपेपर्यंत असेंच कर" अशा चारसहा ओळींत लिहून संगणकास दिलें, तर डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच तें उरकतें. अशा लिहून ठेवलेल्या हुकुमांस 'स्क्रिप्ट' म्हणतात. मोठी आज्ञावली ही बांधलेल्या वाड्यासारखी असते. स्क्रिप्ट ही हेडक्लार्कानें हाताखालच्या मनुष्यासाठीं लिहून ठेवलेल्या चिठ्ठीसारखी असते.

तिचें मोल काय, तें अंकगणितानेंच पाहा. एखादें काम रोज पंधरा मिनिटांचें आहे व शाळेचे दिवस वर्षास दोनशें आहेत, असें धरूं. वर्षाचे ५० तास झाले. वीस वर्षांचे १,००० तास. दिवसास आठ तास काम धरिलें, तर कारकुनाचे सव्वाशें दिवस एका लहानशा कामांत गेले. चार तास बसून लिहिलेली स्क्रिप्ट हे सव्वाशें दिवस वांचविते. पण याहूनहि मोठा लाभ दुसरा आहे. काम कसें करावयाचें हें ज्ञान एकाच्या डोक्यांतून उतरून लेखांत येतें. तो मनुष्य उद्यां निवृत्त झाला, आजारी पडला किंवा गांव सोडून गेला, तरी काम अडत नाहीं. मात्र वीस वर्षांचा हिशेब खरा ठरावयाचा, तर भाषाहि वीस वर्षें टिकणारी पाहिजे. माझा सारा भर या एका गोष्टीवर आहे.

या भाषांचा इतिहास थोडक्यांत असा. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनीं 'युनिक्स' नांवाची संगणक-व्यवस्था रचण्यास आरंभ केला. तिचें तत्त्व फार साधें होतें : लहान लहान हत्यारें करावीं, प्रत्येकानें एकच काम नीट करावें, आणि एकाचें निष्पन्न दुसऱ्याच्या हातीं साध्या मजकुराच्या रूपानें द्यावें. हीं हत्यारें एकमेकांस जोडण्याची भाषा म्हणजे शेल. तिचें स्टीफन बोर्न यांनीं केलेलें रूप १९७९ सालीं प्रसिद्ध झालें. मजकुराच्या रकान्यांवर काम करणारी 'ऑक' ही भाषा १९७७ सालची. पुढें १८ डिसेंबर १९८७ रोजीं लॅरी वॉल या गृहस्थांनीं 'पर्ल' ही भाषा सर्वांस मोफत दिली. निरनिराळ्या फायलींतून माहिती वेंचून तिचे अहवाल तयार करण्याचें काम त्यांच्याकडे होतें आणि हातांतलीं हत्यारें त्यास पुरीं पडेनात, म्हणून त्यांनीं नवें घडविलें.

या लॅरी वॉल यांची एक गोष्ट आपल्या शाळेच्या वार्षिकांत सांगण्याजोगी आहे. ते मूळचे भाषाशास्त्राचे विद्यार्थी. ते व त्यांच्या पत्नी यांचा बेत असा होता कीं, जिला अद्यापि लिपि नाहीं अशी एखादी भाषा शोधून काढावी, तिच्यासाठीं लिपि तयार करावी व तींत बायबल आदि ग्रंथांचें भाषांतर करावें. प्रकृतीच्या कारणानें तो बेत तडीस गेला नाहीं. महाराष्ट्रास व गोमंतकास अशा उद्योगाची ओळख आहे. फादर स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले, येथील भाषा शिकले, आणि त्यांचें मराठी 'ख्रिस्तपुराण' १६१६ सालीं छापलें गेलें. विल्यम कॅरे यांचें मराठीचें व्याकरण १८०५ सालीं बंगाल्यांतील श्रीरामपुरास निघालें. परक्याची भाषा कान देऊन शिकावी, तिचे नियम लिहून ठेवावे व त्यांचा उपयोग मागून येणारांस व्हावा, ही जी वृत्ति, तीच वॉल यांनीं यंत्राच्या कामीं लावली. भाषेचें नांव त्यांनीं 'मोती' या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून घेतलें. त्या नांवाची दुसरी एक भाषा आधींच होती असें कळल्यावर त्यांतील एक अक्षर गाळलें.

भाषाशास्त्राचा हा संस्कार पर्लमध्यें जागोजाग दिसतो. आई मुलीस म्हणते, "कैरी घे, धू, चीर आणि मीठ लाव." कैरी हा शब्द एकदांच येतो, पुढें तो न उच्चारतां समजला जातो. पर्लमध्यें हीच सोय आहे : ज्या वस्तूविषयीं बोलणें चाललें आहे, तिचें नांव प्रत्येक ओळींत घ्यावें लागत नाहीं. तसेंच एकच गोष्ट सांगण्याच्या अनेक रीति तींत मान्य असतात, जशा त्या घरच्या बोलण्यांत असतात. यामुळें नवशिक्या मनुष्यास थोड्याशा शब्दांवर काम सुरू करतां येतें व पुढें ज्ञान वाढेल तसतशी भाषा वाढवितां येते. व्याकरण संपवून मगच बोलूं लागलेलें मूल कोणी पाहिलें आहे काय?

आतां टिकाऊपणाकडे वळूं. पर्लची पांचवी आवृत्ति १७ ऑक्टोबर १९९४ रोजीं बाहेर पडली, आणि आज वापरांत आहे ती तिचीच वाढलेली शाखा. तिच्या चालकांनीं जुन्या लिखाणास शक्य तों धक्का न लावण्याचा कटाक्ष ठेविला आहे. त्यामुळें पंचवीस-तीस वर्षांपूर्वीं लिहिलेली साधी स्क्रिप्ट आजच्या संगणकावर बहुधा जशीच्या तशी चालते. 'डेबियन' या मुक्त संगणक-व्यवस्थेंत पर्लचा गाभा हा अत्यावश्यक भाग मानला आहे. भारत सरकारच्या सी-डॅक संस्थेनें डेबियनच्याच पायावर 'बॉस' ही भारतीय व्यवस्था उभारली. नोव्हेंबर २०१७ पासून जगांतील सर्वांत वेगवान पांचशें संगणकांच्या यादींतील प्रत्येक यंत्र युनिक्सच्या वळणाच्या 'लिनक्स'वर चालत आलें आहे. पुण्याच्या सी-डॅकचें 'परम सिद्धि' हें २०२० सालीं त्याच यादींत आलें. अशा यंत्राची निगा ज्यास राखावयाची आहे, त्यास शेल यावेंच लागतें.

टिकाऊपणा मोडला म्हणजे काय होतें, हें मोडनिंबकरांस रुळांच्या उदाहरणावरून कळेल. बार्शी लाइट रेल्वे १८९७ सालीं सुरू झाली व तिचा फांटा १९०६ सालीं आपल्या गांवावरून पंढरपुरास गेला. त्या दोन रुळांमधील अंतर अडीच फूट. कुर्डुवाडीचा मुख्य लोहमार्ग मात्र रुंद. त्यामुळें पुढें जाणारें पोतें कुर्डुवाडीस एका डब्यांतून उतरून दुसऱ्यांत चढवावें लागे. या शतकाच्या आरंभीं आपला मार्गहि रुंद झाला व तो त्रास संपला. बदल योग्यच होता. परंतु त्यापायीं जुने डबे व जुनीं इंजिनें कामांतून गेलीं, हें विसरूं नये. भाषांतहि असें घडतें. पायथन ही १९९१ सालची उत्तम भाषा. तिची तिसरी आवृत्ति २००८ सालीं निघाली, ती दुसरीशीं पूर्णपणें न जुळणारी, आणि तीहि जाणूनबुजून. पुढें १ जानेवारी २०२० पासून दुसरीची देखभाल थांबली. हा बदल पुष्कळ दृष्टींनीं हितकर होता, तथापि असंख्य जुन्या स्क्रिप्टा पुन्हां तपासून लिहाव्या लागल्या. मोठ्या कंपनीस तो खर्च झेपतो. लहान गांवच्या शाळेंत किंवा पतपेढींत, जेथें संगणकाचें काम पाहणारा एकच मनुष्य असतो, तेथें एकदां लिहिलेलें पुष्कळ वर्षें चालणें हीच खरी बचत.

मराठीच्या दृष्टीनें या विद्येचें मोल मला एका घरगुती कामांत पटलें. आपल्या या वार्षिकाचे कांहीं जुने अंक संगणकावर टाइप केलेले होते. फायली शाबूत होत्या, पण उघडल्यावर मराठीच्या जागीं निरर्थक इंग्रजी अक्षरें व चिन्हें दिसत. कारण असें : त्या काळच्या मराठी टंकांत संगणकाच्या पोटांत मराठी अक्षर सांठविलें जात नसे, इंग्रजी अक्षराचाच संकेत सांठवून वर मराठी आकाराचा पोशाख चढविला जाई. तो टंक हरवला, कीं पोशाख गेला व आंतलें इंग्रजी अक्षर उघडें पडलें. त्यांतहि निरनिराळ्या टंकांचे संकेत निरनिराळे. भारतीय लिप्यांसाठीं एकच संकेत असावा म्हणून १९९१ सालीं 'इस्की' हें भारतीय मानक ठरलें. त्याच वर्षीं निघालेल्या 'युनिकोड'नें पुढें जगांतील बहुतेक लिप्यांस एका पंक्तीस बसविलें. जुना मजकूर युनिकोडांत आणला, तरच तो पुढील पिढीस वाचतां व शोधतां येईल.

सारें हातानें पुन्हां टाइप करावयाचें, तर वर्ष गेलें असतें. मीं पर्लमध्यें एक स्क्रिप्ट लिहिली. तिचा मोठा भाग म्हणजे नुसता तक्ता : या चिन्हाच्या जागीं हें अक्षर. खऱ्या अवघड जागा दोनच होत्या. जुन्या टंकांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधीं सांठविलेली असे, कारण डोळ्यांस ती आधीं दिसते. युनिकोडांत ती उच्चाराप्रमाणें अक्षराच्या मागून येते. रफाराचें याच्या उलट : 'सूर्य' या शब्दांत रफार शेवटच्या अक्षराच्या डोक्यावर दिसतो, पण उच्चारांत 'र्' हा 'य'च्या आधीं येतो. "जेथें वेलांटी व तिच्यामागें व्यंजन दिसेल, तेथें त्यांची अदलाबदल कर," असा नमुना सांगण्याची जी सोय पर्लमध्यें आहे, ती जणूं अशाच कामासाठीं निर्माण झाली. जोडाक्षरांच्या चुका निस्तरण्यांत चार शनिवार गेले. पांचव्या शनिवारीं सारे अंक वाचतां येऊं लागले. कित्येकांचे पहिले छापील निबंध त्यांत आहेत, आणि ते निबंधकार आज स्वतः पालक आहेत. पर्लमध्यें युनिकोडची भक्कम सोय २००२ सालच्या ५.८ या आवृत्तीपासून आहे. म्हणून पुढें आणखी जुन्या फायली सांपडल्या, तर हीच स्क्रिप्ट पुन्हां कामास येईल.

या मतावर तीन आक्षेप येतील. पहिला असा कीं, "पर्लचे दिवस गेले, नोकरीच्या जाहिरातींत पायथनचें नांव असतें." हें खरें आहे व तें लपविण्यांत अर्थ नाहीं. नव्या कामासाठीं आज पर्लची निवड पूर्वींइतकी होत नाहीं. पर्लची सहावी आवृत्ति म्हणून जी भाषा निघाली, ती इतकी निराळी झाली कीं २०१९ सालीं तिला 'राकू' हें स्वतंत्र नांव द्यावें लागलें. तेव्हां ज्यास नोकरी हवी, त्यानें पायथनहि अवश्य शिकावी. पण पर्ल शिकण्यांत गेलेला वेळ फुकट जात नाहीं. मजकुरांतील नमुना ओळखण्याची पर्लची पद्धति इतकी सोयीची ठरली कीं, पायथन, जावा व इतर भाषांनीं ती थोड्याफार फरकानें उचलली. फाईल म्हणजे काय, एका कामाचें निष्पन्न दुसऱ्यास कसें द्यावें, चूक झाली हें कसें ओळखावें, हें ज्यास एका भाषेंत कळलें, त्यास दुसरीचा पाया घालावयास उन्हाळ्याची एक सुटी पुरते. सायकल येणाऱ्या मुलास दुसऱ्या कंपनीची सायकल नव्यानें शिकावी लागत नाहीं.

दुसरा आक्षेप अगदीं ताजा आहे : "आतां कृत्रिम बुद्धिमत्ता स्क्रिप्ट लिहून देते, मुलांनीं कशास शिकावें?" २०२२ सालच्या अखेरीपासून अशीं साधनें सर्वांच्या हातीं आलीं, व तीं सांगितलेली स्क्रिप्ट क्षणांत लिहितात, हें मीं स्वतः वापरून पाहिलें आहे. परंतु हुकूम कोणीं लिहिला, यापेक्षां तो कोणीं बजावला, याला कारभारांत अधिक महत्त्व असतें. शेलमध्यें फायली पुसण्याचा एक दोनअक्षरी हुकूम आहे. तो देतांना कप्प्याच्या पत्त्यांत चुकून एक रिकामी जागा सुटली, तर एका कप्प्याऐवजीं सारें भांडार पुसलें जाण्याची वेळ येते, आणि संगणक प्रत्येक वेळीं "खात्री आहे ना?" असें विचारीलच असें नाहीं. दुसऱ्यानें लिहिलेल्या कागदावर न वाचतां अंगठा उठविणारा मनुष्य कसा बुडतो, हें आपल्या भागांतील पालकांस सांगावयास नको. यंत्रानें लिहिलेली स्क्रिप्ट न वाचतां चालविणें हें त्याच जातीचें काम आहे. लिहिणें सोपें झालें, म्हणूनच वाचणारा अधिक हवा.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे : "दुसऱ्यानें लिहिलेली पर्ल वाचतां येत नाहीं." एकच गोष्ट अनेक रीतींनीं सांगण्याची मुभा असली, कीं घाईंतला मनुष्य सर्वांत दुर्बोध रीत निवडतो. येथें मला माझाच एक अपराध सांगितला पाहिजे. पुण्यांत मी ज्या कार्यालयांत होतों, तेथें रोज रात्रीं सर्व दप्तराची दुसऱ्या डिस्कवर नक्कल करणारी स्क्रिप्ट मींच लिहिली होती. तिच्या अखेरीस 'नक्कल पूर्ण' असा शेरा नोंदवहींत उतरे. युनिक्सच्या जगांत प्रत्येक हुकूम संपतांना एक आंकडा परत देतो : काम नीट झालें तर शून्य, न झालें तर दुसरा एखादा. शाळेच्या उलट, येथें शून्य मिळणें म्हणजे उत्तीर्ण होणें. मीं तो आंकडा तपासण्याची ओळ घातली नव्हती. एके दिवशीं दुसरी डिस्क भरली. पुढें अकरा रात्री नक्कल झालीच नाहीं, पण 'नक्कल पूर्ण' हा शेरा रोज उतरत राहिला. बाराव्या दिवशीं मुख्य डिस्क बंद पडली. अकरा दिवसांचें काम कारकुनांनीं कागदांवरून पुन्हां भरलें. माझी स्क्रिप्ट वाचून चूक शोधण्यास एका सहकाऱ्यास सबंध दिवस लागला, कारण मीं तींत समजुतीचा एक शब्दहि लिहिला नव्हता. ते मला रागें भरले नाहींत, हेंच मला अधिक लागलें.

या ठिकाणीं आपल्या मोडी लिपीची आठवण होते. शतकानुशतकें महाराष्ट्राचा कारभार मोडींत चालला. हात न उचलतां झरझर लिहितां यावें, यासाठीं ती सोयीची होती व तिनें आपलें काम चोख केलें. पुण्याच्या पेशवे दप्तरांतील कागदांचे रुमालच्या रुमाल आजहि शाबूत आहेत; रियासतकार सरदेसाई यांच्या देखरेखीखालीं त्यांतून निवडलेले कागद १९३० ते १९३४ या काळांत ४५ भागांत प्रसिद्ध झाले. तरी न वाचलेलें पुष्कळ उरलें आहे, कारण कागद टिकले, पण मोडी वाचणारे थोडे राहिले. शाळांतून मोडी गेली आणि पणजोबांचें खरेदीखत पणतवास परकें झालें. कारभाराची भाषा जिवंत राहते ती वाचणारांमुळें. म्हणून प्रत्येक स्क्रिप्टच्या माथ्यावर साध्या मराठींत तीन ओळी असाव्या : हें कोणीं व कधीं लिहिलें, कशासाठीं लिहिलें, आणि बिघडल्यास प्रथम काय पाहावें. ओळीच्या आरंभीं ठराविक चिन्ह घातलें, कीं संगणक ती ओळ सोडून देतो. ती केवळ माणसासाठीं असते. माझ्या त्या स्क्रिप्टच्या माथ्यावर अशा तीन ओळी असत्या, तर सहकाऱ्याचा दिवस वांचला असता.

जुनें तें सारें निर्धोक, असाहि कोणीं अर्थ घेऊं नये. 'बॅश' हें शेलचें अतिशय प्रचलित रूप १९८९ सालचें. त्यांत अगदीं आरंभींच शिरलेली एक गंभीर खोट २०१४ च्या सप्टेंबरांत उजेडांत आली. म्हणजे सुमारें पंचवीस वर्षें ती दडून राहिली होती. परंतु मूळ लिखाण सर्वांस वाचावयास खुलें असल्यामुळें, खोट कळतांच थोड्या दिवसांत दुरुस्तीहि झाली. जुन्या विहिरीचा गाळ वेळोवेळीं काढावा लागतो. त्यासाठीं कोणी विहीर बुजवीत नाहीं.

आतां पालकांच्या जिव्हाळ्याचा मुद्दा : शिकावें कोठें व किती खर्चानें? मुंबईस पवई येथील आय.आय.टी.चा 'स्पोकन ट्युटोरियल' नांवाचा उपक्रम आहे. त्यांत लिनक्स, बॅश, पर्ल, पायथन इत्यादींचे छोटे छोटे ध्वनिचित्रपाठ असून त्यांतील पुष्कळ मराठींतहि ऐकावयास मिळतात. त्यांस मोल पडत नाहीं. लिनक्स मोफत, पर्ल मोफत, शेल मोफत. आणि जो संगणक जुना झाला म्हणून आपण माळ्यावर टाकला, त्यावरहि हीं बहुधा चालतात. तेव्हां पालकांस माझी विनंति अशी कीं, मोठ्या फीचा क्लास लावण्यापूर्वीं एक वर्ष थांबावें. मुलास किंवा मुलीस एक जुना संगणक, एक वही व रोजचा अर्धा तास द्यावा. वर्षाअखेर त्यांनीं स्वतः लिहिलेल्या वीस स्क्रिप्टा दाखविल्या, तर आवड खरी आहे असें समजून पुढील खर्च करावा. न दाखविल्या, तर पैसे वांचले आणि मुलाची खरी आवड दुसरीकडे आहे, हेंहि वेळींच कळलें.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हांस आरंभ करावयास मोठें काम नको. वर्गाची हजेरी घ्या आणि महिन्यांत जे पांचांहून अधिक दिवस गैरहजर होते त्यांचीं नांवें काढा. एखाद्या धड्यांत प्रत्येक शब्द किती वेळां आला, तें मोजा. घरच्या दुधाच्या हिशेबाची महिनावार बेरीज करा. वॉल यांनीं विनोदानें म्हटलें आहे कीं, आज्ञावली लिहिणाराचे गुण तीन : आळस, उतावळेपणा व अहंकार. गुरुजींनीं रागावण्यापूर्वीं यांतील मर्म पाहावें. तेंच काम दहा वेळां करण्याचा कंटाळा आला, म्हणजे मनुष्य तें एकदां नीट लिहून ठेवतो. संगणकाची मंद चाल सोसवेनाशी झाली, म्हणजे तो ती सुधारतो. आणि आपल्या लिखाणास कोणीं नांवें ठेवूं नयेत असें वाटूं लागलें, म्हणजे तो तें स्वच्छ लिहितो.

एका मौल्यवान मोत्यासाठीं आपलें सर्वस्व विकणाऱ्या व्यापाऱ्याची गोष्ट या शाळेंतील प्रत्येक मुलानें ऐकलेली आहे. पर्ल या नांवामागें मत्तयाच्या शुभवर्तमानांतील त्याच गोष्टीची छाया आहे, असें सांगतात. या मोत्यासाठीं मात्र कोणास डाळिंबाची पट्टी खर्चीं घालावी लागणार नाहीं. वेळ तेवढा द्यावा लागेल, आणि लिहिलेलें दुसऱ्यास वाचतां येईल अशी काळजी घ्यावी लागेल. पुढील वर्षाच्या अंकासाठीं लेख मागविले जातील, तेव्हां एखाद्या विद्यार्थ्यानें किंवा विद्यार्थिनीनें आपली पहिली स्क्रिप्ट, माथ्यावर तीन ओळींची मराठी टीप लिहून, संपादकांकडे पाठवावी. ती त्यांनीं अवश्य छापावी, अशी माझी त्यांस आगाऊ शिफारस आहे.